चतकोर

दर गुरुवारी सकाळी साडेनऊला
मी वर्लिन स्टॅम्परचा पगार कापते.
कात्री लागत नाही. एक रकाना आहे,
त्यात आकडा टाकला की बाकीचं यंत्र करतं.

केंटकीत, हेझेल फोर्कच्या या कारखान्यात
आम्ही लाकडी पॅलेट बनवतो,
म्हणजे दुसऱ्यांचा माल ज्यावर उभा राहतो ती गोष्ट.
वर्लिन खिळे ठोकतो. एकोणीस वर्षं.

अर्वेलाच्या छातीत कळ आली त्या रात्री
चर्चच्या पार्किंगमध्ये हेलिकॉप्टर उतरलं.
सोळा मिनिटांचं उड्डाण. ती वाचली.
विमा तेव्हा नव्हता.
बिल आलं, मागून व्याज, मग कोर्टाचा शिक्का,
आणि शेवटी माझ्या टेबलावर
लुइव्हिलच्या वकिलाचं जाडजूड पाकीट.

कायदा निर्दय नाही, असं मला शिकवलंय.
कर वजा जाता जे उरेल त्याचा चतकोर,
किंवा दोनशे साडेसतरा डॉलरच्या वर जे असेल ते,
दोन्हींत जे लहान, तेवढंच घ्यायचं.
त्या दोनशे साडेसतराला हात लावायचा नाही.
आठवडाभर माणूस जगायला एवढे पुरतात
हे कुणी ठरवलं, आणि तेव्हा अंडी काय भावाने होती,
पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

वर्लिनचे कर जाऊन चारशे बारा.
चतकोर, एकशे तीन.
विम्याचे एकसष्ट (आता विमा आहे),
पोलादी टोकाच्या बुटांचा हप्ता नऊ,
हे कायद्याच्या लेखी अजून त्याच्याच हातात.
त्याच्या हातात येतात दोनशे एकोणचाळीस.

फेब्रुवारीत नदी करवतखान्यात शिरली.
तीन दिवस यंत्रं बंद.
त्या आठवड्यात त्याचे निघाले एकशे अठ्ठ्याण्णव,
आणि माझ्या रकान्यात शून्य.

तो खिडकीशी आला, टोपी काढून, चिठ्ठी धरून.
"ओनाइडा, चूक झालीय का?"
"नाही. तू रेघेच्या खाली आलास."
त्याला समजायला जरा वेळ लागला.
मग हसला, खोकला येईपर्यंत हसला.
"म्हणजे बुडालो की तरतो!"

आणि मग, हळू आवाजात:
किती तास कमी केले तर कायमचं शून्य?

मी चिठ्ठीच्या पाठीवर मांडून दिलं.
मांडायला नको होतं कदाचित.
त्याने आकडा दोनदा वाचला,
अर्वेलाच्या गोळ्यांचे पैसे बोटांवर मोजले,
चिठ्ठी खिशात ठेवली आणि कामावर गेला.
दुपारी जादा तासांच्या यादीत
पहिलं नाव त्याचंच होतं.

एप्रिलमध्ये दुसरं पाकीट.
जुन्या ट्रकचे राहिलेले हप्ते. ट्रक कधीच ओढून नेलाय.

आता हे नीट सांगते, कारण हे कुणी सांगत नाही.
एका कर्जापायी पगार कापला जातो
म्हणून माणसाला कामावरून काढता येत नाही.
दुसऱ्या कर्जाबद्दल कायदा गप्प आहे.
आणि कॉडिलला, आमच्या मॅनेजरला,
गप्प कायदा फार लवकर ऐकू येतो.
मागच्या वर्षी पेंटिंगमधला डोनी असाच गेला.
त्याची दोन्ही पाकिटं
मीच कॉडिलच्या टेबलावर नेऊन ठेवली होती.

पैसे दुसऱ्याला मिळणार नाहीतच.
चतकोर एकच, सगळ्या धनकोंत मिळून एकच.
फॉर्मवर मी तेवढंच लिहिलं:
आधीचा आदेश चालू आहे, शिल्लक काही नाही, थांबावं लागेल.
खाली सही माझी. सहीचा अधिकार मला आहे.
उत्तर वेळेत द्या, एवढंच कोर्ट सांगतं.
ते कुणाच्या टेबलावरून जावं, हे सांगत नाही.

जेवणाच्या सुट्टीत पोस्टात जाऊन आले.
सँडविच गाडीतच राहिलं.

"काही टपाल?" कॉडिलने विचारलं.
"लाकडाचं बिल," मी म्हटलं.
तेही आलं होतं.

भिंतीपलीकडे खिळ्यांची बंदूक चालू होती,
चार ठोके, थांबा, चार ठोके.
मी तिसरा चौथाईचा ठोका मोजता मोजता सोडून दिला
आणि रकान्यात टाकले
एकशे तीन.